डेटा मिलिसेकंदात, माणूस दीड तासात: आयटी शहरांची कमाई नेमकी कुठे अडकते?

पुण्यातून मुंबईला डेटा जायला किती वेळ लागतो? फायबर केबलमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर धावतो. पुणे-मुंबई अंतर १५० किलोमीटर धरलं, तर निव्वळ केबलमधल्या प्रवासाला पूर्ण एक मिलिसेकंदही लागत नाही.

आता दुसरा प्रश्न. सकाळी नऊ वाजता, पाऊस चालू असताना, वाकडच्या पुलापासून हिंजवडी फेज ३ पर्यंत जायला किती वेळ लागतो? अंतर जेमतेम सात-आठ किलोमीटर आहे. उत्तर तिथे रोज जाणाऱ्या कुणालाही विचारा, फक्त विचारताना जरा लांब उभे राहा.

शहराची अर्थव्यवस्था या दोन्ही नेटवर्कवर चालते. एक नेटवर्क बिट्स वाहून नेतं, दुसरं माणसं. पहिलं नेटवर्क सुधारलं की दुसऱ्याची गरज कमी होईल, असं बऱ्याच जणांना वाटलं होतं. प्रत्यक्षात झालं उलटंच, आणि त्याची किंमत आपल्यासारखे विशी-तिशीतले लोक रोज मोजतायत. हे का झालं, ते पुणे आणि नवी मुंबई या दोन शहरांकडे बघून समजून घेऊ.

आधी तार आली

आज आयटी म्हटलं की फायबर डोळ्यासमोर येतं, पण सुरुवात आकाशातून झाली. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ आर्वी नावाचं गाव आहे. तिथे १९७१ साली विक्रम भूउपग्रह केंद्र सुरू झालं. भारतातून परदेशात होणारे कितीतरी फोन कॉल त्या भल्यामोठ्या डिशमधून जायचे. पुढे १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स बंगळुरूला आली, तेव्हा तिने चिप डिझाइनचं काम अमेरिकेला पाठवण्यासाठी उपग्रहाची खास लिंकच घेतली. तोपर्यंत परदेशी क्लायंटसाठी काम करायचं म्हणजे एक तर माणूस विमानाने पाठवा, नाहीतर टेप पाठवा.

प्रत्येक लहान कंपनीला अशी स्वतःची डिश परवडणार नव्हती. म्हणून केंद्र सरकारने सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क, म्हणजे एसटीपीआय, ही योजना आणली. सरकारने एक मोठं उपग्रह केंद्र उभारायचं आणि आसपासच्या कंपन्यांनी त्यातून भाड्याने लाइन घ्यायची. अगदी सुरुवातीच्या तीन केंद्रांत बंगळुरू आणि भुवनेश्वरबरोबर पुणं होतं.

त्या लाइनचा वेग किती होता? सेकंदाला ६४ किलोबिट. आज तुमच्या फोनमधला ३ एमबीचा एक फोटो त्यावरून पाठवला, तर सहा मिनिटांच्या वर लागतील. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट तर विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू केलं. पण कोड म्हणजे शेवटी मजकूरच, तो हलका असतो. त्यामुळे एवढ्याशा नळीतूनही एक अख्खा उद्योग वाहू लागला.

लाइन तर तीन शहरांना मिळाली होती. मग पुण्यात आयटी इतकं का फोफावलं? कारण लाइनच्या या टोकाला माणसं होती. १८५४ पासूनचं इंजिनिअरिंग कॉलेज, पिंपरी-चिंचवडचे वाहन कारखाने, १९८१ चं टाटांचं सॉफ्टवेअर संशोधन केंद्र, १९८८ ची सी-डॅक. परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर सी-डॅकने १९९१ मध्ये पुण्यातच बनवला. तार फक्त माणसाचं काम लांब पोचवते, माणूस आधी हजर असावा लागतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अंतर संपलं, तरी सगळे एकाच जागी का?

१९९७ साली फ्रान्सेस केर्नक्रॉस या ब्रिटिश पत्रकाराचं ‘द डेथ ऑफ डिस्टन्स’ हे पुस्तक आलं. नावातच सगळं आहे: अंतराचा मृत्यू. फोन आणि डेटा इतके स्वस्त होणार की कुठे बसून काम करतोय, याला फारसा अर्थ उरणार नाही. या तर्काने बघितलं तर आज सातारा, परभणी, चिपळूणमध्ये कोडिंग करणाऱ्यांच्या गल्ल्याच्या गल्ल्या दिसायला हव्या होत्या.

दिसतं काय? हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, ऐरोली. एकाच रस्त्यावर शेजारी-शेजारी वीस-वीस कंपन्या.

याचं कारण १८९० मध्येच अल्फ्रेड मार्शल या अर्थतज्ज्ञाने लिहून ठेवलंय. एकाच धंद्याची माणसं एका भागात जमली की तीन फायदे होतात. हवा तसा कामगार पटकन मिळतो, आणि कामगारालाही दुसरी नोकरी पटकन मिळते. त्या धंद्याला लागणाऱ्या छोट्या सेवा आसपास उभ्या राहतात. आणि धंद्यातली माहिती एकाकडून दुसऱ्याकडे आपोआप झिरपते. मार्शलसमोर इंग्लंडमधल्या कारखान्यांची गावं होती, पण आयटीला हे जास्तच लागू पडतं. शिफ्ट संपल्यावर टपरीवर चहा पिताना ‘तुमच्याकडे कोणता स्टॅक आहे, पॅकेज काय देतात?’ ही जी चौकशी चालते ना, तीच ती झिरपणारी माहिती.

नोकरी बदलणं तर आपल्या क्षेत्रातला पगारवाढीचा मुख्य रस्ता आहे. रूम न बदलता, मुलांची शाळा न बदलता दुसऱ्या कंपनीत जाता येत असेल, तर तुम्ही पगारासाठी घासाघीस करू शकता. गावात एकच कंपनी असेल तर देतील तेवढं घ्यावं लागतं.

मार्च २०२० मध्ये याची परीक्षाच झाली. लॉकडाऊन लागला आणि काही दिवसांत अख्खा आयटी उद्योग लॅपटॉप घेऊन घरी गेला. काम थांबलं नाही. टीसीएसने तर त्याच वर्षी जाहीर केलं, की २०२५ पर्यंत एका वेळी फक्त २५ टक्के कर्मचारी ऑफिसात असले तरी पुरेल. २०२३ संपेपर्यंत त्याच कंपनीने लोकांना आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसात बोलवायला सुरुवात केली होती. हा निर्णय बरोबर की चूक यावर ऑफिसच्या कँटीनमध्ये भरपूर वाद घालता येतो. माझं मत विचाराल तर ठरलेलं काम घरून उत्तम होतं, पण नवीन जॉइन झालेला मुलगा घरी बसून फार हळू शिकतो. काहीही असो, ट्रॅफिक परत आला.

शहर किती मोठं, हे घड्याळ ठरवतं

आता थोडं गणित. घाबरू नका, आठवीचं आहे.

समजा रोज एका बाजूचा प्रवास एक तासापेक्षा जास्त करायचा नाही, असं तुम्ही ठरवलंय. गाडीचा सरासरी वेग तासाला ३० किलोमीटर असेल, तर घराभोवती ३० किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळातली कुठलीही नोकरी तुम्ही घेऊ शकता. वेग १५ वर आला तर त्रिज्या १५. पण वर्तुळाचं क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गावर अवलंबून असतं. त्यामुळे वेग अर्धा झाला की तुमच्या हाताशी असलेलं शहर अर्धं होत नाही, पाव होतं. वेग १० झाला तर एक नवमांश. खऱ्या शहरात नोकऱ्या अशा सारख्या पसरलेल्या नसतात, त्यामुळे आकडे थोडे हलतील. दिशा तीच राहील.

नकाशावर पुणं केवढंही मोठं दिसू दे, तुमच्यासाठी पुणं म्हणजे तासाभरात गाठता येणारा तुकडा. कंपनीसाठीही तसंच. तिच्या गेटपर्यंत तासाभरात पोचू शकणारे लोक हाच तिचा कामगारांचा बाजार. मार्शलचे तिन्ही फायदे याच तुकड्यापुरते मिळतात.

चेझारे मार्केट्टी या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ मध्ये मांडलं होतं, की कुठल्याही काळातला माणूस दिवसाला सरासरी एक तासच प्रवासावर घालवतो, जाऊन-येऊन. (विरारहून चर्चगेटला जाणारे इथे हसतील, त्यांना हसू द्या. सरासरी आहे ती.) पायी चालणाऱ्यासाठी याचा अर्थ एका बाजूला अडीच किलोमीटर. शनिवारवाड्यापासून स्वारगेट साधारण तेवढंच आहे. पेठांचं पुणं चालण्याच्या मापाने वाढलेलं होतं. नंतर सायकल आली, स्कूटर आली, आणि शहर त्या त्या वेगाने पसरत गेलं.

याचा रोजच्या आयुष्यात अर्थ काय? एक जोडपं घ्या. एकाचं ऑफिस खराडीत, दुसऱ्याचं हिंजवडीत. दोन्ही पुण्यातच, पण एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला, मध्ये जवळपास ३० किलोमीटर. रूम कुठे घेणार? मध्ये शिवाजीनगरला घेतली तर भाडं झेपत नाही आणि दोघंही अडकतात. शेवटी एकजण नोकरी बदलतो, बऱ्याचदा कमी पगारावर, आणि बऱ्याचदा ती बायको असते. हडपसरला आई-बाबांबरोबर राहणाऱ्या मुलीला हिंजवडीची चांगली ऑफर आली, तरी घरचे आधी ‘परत यायला किती वाजतील?’ हेच विचारतात. ती ऑफर नाकारते तेव्हा तिचं नुकसान होतंच, पण कंपनीलाही हवा तो माणूस मिळत नाही. असं नुकसान कुठल्याही खात्यात नोंदलं जात नाही.

आणि जे जातात त्यांचं? रोज दोन तास, महिन्याचे २२ दिवस. ४४ तास झाले. म्हणजे ऑफिसचा एक जास्तीचा आठवडा, दर महिन्याला, बिनपगारी.

हिंजवडी: एका ग्राफचा प्रॉब्लेम

कॉम्प्युटर सायन्स शिकलेल्यांना ‘मॅक्स फ्लो, मिन कट’ आठवत असेल. १९५५ मध्ये हॅरिस आणि रॉस या दोन अमेरिकनांनी सोव्हिएत रशियाच्या रेल्वे जाळ्यावर एक गुप्त अहवाल लिहिला होता. या जाळ्यातून जास्तीत जास्त किती माल जाऊ शकतो, आणि तो थांबवायचा तर कमीत कमी कुठे तोडावं लागेल? फोर्ड आणि फुल्करसन यांनी त्यातूनच प्रमेय काढलं: नेटवर्कमधून जाणारा जास्तीत जास्त प्रवाह त्याच्या सगळ्यात अरुंद कापाएवढाच असतो. बाकी रस्ते आठ पदरी करा नाहीतर सोळा पदरी, फरक पडत नाही.

हिंजवडीचा आयटी पार्क एमआयडीसीने १९९० च्या दशकाच्या शेवटी वसवायला घेतला. जागा मुळशी तालुक्यातली, मुंबई-बंगळुरू हायवेच्या पश्चिमेला. जमीन मोकळी आणि स्वस्त होती, मुंबईचा विमानतळ गाठायला हायवे शेजारीच, आणि २००२ मध्ये ९४.५ किलोमीटरचा एक्स्प्रेसवे पूर्ण सुरू झाल्यावर तर परदेशी क्लायंटला आणणं अगदी सोपं झालं. नकाशावर उत्तम जागा.

पण काम करणारे बहुतेक लोक हायवेच्या पूर्वेला राहतात. रोज सकाळी त्यांना तो हायवे ओलांडावा लागतो, आणि ओलांडायच्या जागा मोजक्याच: वाकडचा पूल, भूमकर चौक, म्हाळुंगेची बाजू. हाच तो मिन कट. आत फेज १, २, ३ मधले रस्ते कितीही रुंद असोत, आत जाणारा प्रवाह या दोन-तीन तोंडांनीच ठरतो.

तोंडं रुंद केली तर? थोडा फरक पडतो. रस्त्याच्या एका लेनमधून तासाला फार तर १,८०० ते २,००० कार जातात, तेही सुरळीत चालल्या तर. एका कारमध्ये सरासरी दीड माणूस धरा, म्हणजे साधारण ३,००० माणसं. तीन डब्यांच्या मेट्रोत गर्दीच्या वेळी ९०० च्या आसपास माणसं मावतात. दर पाच मिनिटांनी गाडी सोडली तर तासाला बारा गाड्या, जवळपास ११,००० माणसं, आणि तेही एका रुळावरून. बसचं गणितही कारपेक्षा खूप चांगलं येतं, पण बसला स्वतःची लेन हवी. नाहीतर तीसुद्धा त्याच गर्दीत उभी राहते.

शिवाय नवीन रस्ता रिकामा राहत नाही. डुरांटन आणि टर्नर या अर्थतज्ज्ञांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या शहरांची आकडेवारी तपासली. रस्त्याची लांबी जितक्या टक्क्यांनी वाढली, गाड्यांचा प्रवास जवळपास तितक्याच टक्क्यांनी वाढलेला दिसला.

हिंजवडीला मेट्रोची तिसरी लाइन आखली गेली. माण ते शिवाजीनगर, साधारण २३ किलोमीटर, २३ स्थानकं. तिची पायाभरणी डिसेंबर २०१८ मध्ये झाली. पार्क आणि पायाभरणी यांच्यात वीस वर्षं गेली. एक कारण असं, की इथे कारभार विभागलेला आहे. पार्क एमआयडीसीचा, गाव ग्रामपंचायतीचं, शेजारचं वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेत, मेट्रो पीएमआरडीएची. फायबर टाकणाऱ्याला खड्डा खणायची परवानगी लागते, मेट्रोवाल्याला खांबाखाली अख्खी जागा लागते. म्हणून तार महिन्यांत पोचते आणि रूळ दशकांत.

नवी मुंबईने पैसे कुठून आणले?

नवी मुंबईची गोष्ट वेगळी आहे, पण तिथेही सगळं वेळेवर झालं असं नाही. सिडकोची स्थापना १९७० ची, आणि मानखुर्दहून वाशीला लोकल आली १९९२ मध्ये. मधली बावीस वर्षं शहर हळूहळूच भरत होतं. खाडीपलीकडे राहायचं आणि बसने मुंबई गाठायची, याला फारसे लोक तयार नव्हते.

बघण्यासारखी गोष्ट ही, की रेल्वेचा खर्च कसा उभा केला. सिडको आणि रेल्वे यांनी तो ६७ आणि ३३ टक्के असा वाटून घेतला. मोठा वाटा सिडकोचा! तिच्याकडे एवढा पैसा आला कारण शहराची जमीनच तिच्या ताब्यात होती. रेल्वे येणार म्हटल्यावर स्टेशनजवळच्या भूखंडांचे भाव वाढले, आणि त्या वाढीतूनच रेल्वेचा खर्च निघाला. इतकंच नाही, तर वाशी आणि बेलापूरला स्टेशनच्या वरच ऑफिसं बांधली. वाशी स्टेशनच्या माथ्यावरचा इन्फोटेक पार्क तुम्ही पाहिला असेल. लोकलमधून उतरा, जिना चढा, पंच करा.

२००४ मध्ये ठाणे-वाशी लाइन सुरू झाली. ठाणे-बेलापूर पट्टा तोवर केमिकल कारखान्यांचा म्हणून ओळखला जायचा. त्यानंतर ऐरोली, घणसोली भागात आयटी पार्क आणि डेटा सेंटर वाढत गेले. समुद्राखालच्या आंतरराष्ट्रीय केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, म्हणून डेटा सेंटरना हा भाग सोयीचा. कल्याण-डोंबिवलीची इंजिनिअर पोरं ठाण्याला गाडी बदलून इथे येतात. इथे तार आणि रूळ एकाच पट्ट्यात भेटले. लोकलमधली गर्दी काही सुखाची नाही, पण ऑफिसला किती वाजता पोचणार हे तरी सांगता येतं.

हिंजवडीत जमिनीचे भाव असेच वाढले, फक्त वाढलेला पैसा बहुतेक खासगी जमीनमालक आणि बिल्डरांकडे गेला. आता एप्रिल २०२२ पासून पुण्यासारख्या शहरांत घर घेताना मुद्रांक शुल्काबरोबर १ टक्का मेट्रो अधिभार द्यावा लागतो. म्हणजे वसुली होतेच आहे, पण उशिरा आणि नवीन घर घेणाऱ्याकडून. यात तरुण खरेदीदारावर अन्याय होतो, असं मला वाटतं.

मग फोनमधलं ॲप काय कामाचं?

गूगल मॅप्सला ट्रॅफिक कसा कळतो? रस्त्यावरचे हजारो फोन आपली जागा आणि वेग पाठवत असतात, त्यावरून. २०२० मध्ये सायमन वेकर्ट या कलाकाराने बर्लिनमध्ये एका हातगाडीत ९९ फोन भरले आणि गाडी ओढत रिकाम्या रस्त्यावरून हळूहळू चालत गेला. मॅप्सवर तो रस्ता लाल झाला!

पण ॲप रस्ता रुंद करत नाही. ते फक्त असलेली गर्दी वाटून देतं, कधीकधी थेट एखाद्या सोसायटीच्या गल्लीतून. ‘मिन कट’ तसाच राहतो.

सार्वजनिक वाहतुकीत मात्र माहितीमुळे खरा फरक पडतो. बस येईल की नाही हेच माहीत नसेल, तर माणूस बाइक काढतो. २००५ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराची बससेवा आणि गूगल यांनी मिळून वेळापत्रकाचा एक साधा फॉरमॅट ठरवला. आज त्याला जीटीएफएस म्हणतात. थांबे, मार्ग, वेळा अशा साध्या टेक्स्ट फाइल असतात. कुठल्याही शहराने त्या भरून प्रकाशित केल्या, की कुठलंही ॲप त्यावरून ‘इथून तिथे कसं जायचं’ हे सांगू शकतं. पुण्यात पीएमपीएमएलचं स्वतःचं ॲप २०२४ मध्ये आलं. बस नकाशावर सरकताना दिसणं ही छोटी गोष्ट वाटते, पण अंदाज न येणारी वीस मिनिटं ही अंदाज येणाऱ्या वीस मिनिटांपेक्षा फार मोठी असतात. बसची संख्या मात्र ॲपने वाढत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी ऑफर लेटर आलं की पगाराच्या आकड्याबरोबर एक काम करा. मॅप्समध्ये घर ते ऑफिस टाका, ‘आत्ता निघा’ऐवजी मंगळवारी सकाळी साडेनऊला पोचायचंय असं निवडा, आणि परतीसाठी संध्याकाळी साडेसहा. कार, बाइक आणि बस-मेट्रो तिन्ही बघा. मेट्रो स्टेशनपासून ऑफिसच्या गेटपर्यंतचा शेवटचा दीड किलोमीटर वेगळा मोजा. आलेल्या तासांना २२ ने गुणा. महिन्याच्या पगाराला कामाचे तास अधिक हे तास, या बेरजेने भागा. दोन ऑफरमधली जास्त पगाराची कोणती, याचं उत्तर कधीकधी बदलतं.